पेसमेकरच्या नोंदीत वेगवान ठोके सापडले, मला मात्र काहीच जाणवलं नव्हतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझं वय ६८. साताऱ्यात राहते, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आहे. चार वर्षांपूर्वी भाकरी थापता थापता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ओट्यापाशीच कोसळले. ईसीजीत पूर्ण हार्ट ब्लॉक निघाला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. पेसमेकर बसवला, दोन तारांचा, एक वरच्या कप्प्यात आणि एक खालच्या. तेव्हापासून तब्येत छान आहे. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या निम्म्या चढापर्यंत जाऊन येते. मोबाइल उजव्या कानाला लावते, छातीशी कधी ठेवत नाही. इंडक्शन शेगडी सुनेला देऊन टाकली. एवढं पाळलं की यंत्राची आठवणसुद्धा राहत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तपासणीला गेले. तिथे कंपनीचा मुलगा लॅपटॉपसारखं यंत्र घेऊन बसलेला असतो. त्याने नेहमीप्रमाणे गळ्याच्या हाडाखाली चकती ठेवली. बॅटरी भरपूर आहे, तारा ठीक आहेत, म्हणाला. मग स्क्रीनकडे बघत थांबला आणि त्याने विचारलं, "आजी, ११ फेब्रुवारीच्या रात्री काही त्रास झाला होता का?"

रात्री १ वाजून ४० मिनिटांपासून ३ तास ५० मिनिटं माझ्या वरच्या कप्प्याचे ठोके मिनिटाला २१२ च्या आसपास होते. त्याआधीच्या दोन छोट्या नोंदीही होत्या, ८ आणि २० मिनिटांच्या. त्याने कागदाची पट्टी छापून दिली. वरच्या रेघेवरची टोकं ज्वारीच्या कणसातल्या दाण्यांसारखी खेटून आलेली, आणि खालच्या रेघेवर मात्र सावकाश, अंतर राखून.

घरी येऊन हिशेबाची वही काढली. ११ फेब्रुवारी: दळण ४०, शेपू २०, ह्यांच्या गोळ्या ३१०. खाली लिहिलंय, "रात्री खिचडी. लवकर झोपलो." बस्स. माझ्याच छातीत जवळजवळ चार तास एवढी धावपळ चालली होती आणि मी गाढ झोपेत होते, हे काही केल्या मनातून जात नाही.

एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, काळजी करू नका, सहा महिन्यांनी बघू. दुसऱ्यांनी सांगितलं, रक्त पातळ करणारी गोळी आजच सुरू करा, नाहीतर पक्षाघात होऊ शकतो. माझे थोरले भाऊ पक्षाघाताने दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं मी केलंय. त्यामुळे तो शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. पण दोन वर्षांपूर्वी गुडघ्यासाठीच्या पेनकिलरने पोटात अल्सर झाला, रक्तस्राव झाला आणि रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. म्हणून गोळीचीही तेवढीच धास्ती वाटते.

मला बीपी आहे, साखर नाही. तुमच्यापैकी कुणाच्या पेसमेकरमध्ये असं सापडलंय का? गोळी घेतली का? किती तासांची नोंद झाल्यावर? तीन आठवडे मी रोज रात्री दोनदा उठून मनगटाची नाडी मोजते. ७० च्या वर जात नाही. मग यंत्र चुकत असेल का?

प्रतिसाद १

काकू, मी फिजिशियन आहे, हृदयतज्ज्ञ नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासूनच घ्यायचा.

आधी नाडीचं बोलू, कारण त्यापायी तुमची झोप जातेय. मनगटाला लागते ती खालच्या कप्प्याची नाडी. तुमचा मधला रस्ता बंद आहे, म्हणून वर २१२ ठोके पडले तरी ते खाली उतरू शकत नाहीत. एरवी पेसमेकर वरच्या प्रत्येक ठोक्यामागे खाली एक ठोका देतो. वर गडबड सुरू झाली की तो वरच्या कप्प्याचा पाठलाग सोडतो आणि खालच्याला आपल्या ठरलेल्या गतीने चालवतो. याला मोड स्विच म्हणतात. तुमच्या पट्टीवरची खालची रेघ सावकाश दिसते ती त्यामुळेच, आणि तुम्हाला काही जाणवलं नाही तेही त्यामुळेच. म्हणजे मनगटावर ही गोष्ट कधीच सापडणार नाही. रात्री उठणं थांबवा.

यंत्राची चूकही होऊ शकते. वरची तार कधी कधी खालच्या कप्प्याचा किंवा स्नायूंचा सिग्नल पकडते आणि ठोके दुप्पट मोजते. म्हणून नुसता आकडा पुरेसा नाही. ती साठवलेली पट्टी हृदयतज्ज्ञाने स्वतः बघितली का, हे विचारा.

नोंद खरी असेल तर भीती गुठळीची असते. वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता थरथरतो, डाव्या बाजूला एक कानासारखा कोपरा असतो तिथे रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. पण तुम्ही एकट्या नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या असर्ट या अभ्यासात बीपी असलेले, ६५ वर्षांवरचे २५८० लोक होते. पहिल्या तीन महिन्यांतच दर दहांतल्या एकाच्या यंत्रात अशी नोंद आली. त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण इतरांच्या अडीच पट होतं.

गोळीबद्दल दोन डॉक्टरांची दोन मतं पडली याचं नवल नाही. २०२३ च्या आर्टेशिया चाचणीत ४०१२ लोक होते, नोंदी ६ मिनिटं ते २४ तासांच्या. अॅस्पिरिन घेणाऱ्या हजारांत वर्षाला साधारण १२ जणांना गुठळीचा त्रास झाला, अपिक्साबान ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या हजारांत ८ जणांना. मोठा रक्तस्राव मात्र ९ वरून १७ वर गेला. चार वाचले आणि आठांना रक्तस्राव, एवढंच बघून चालत नाही, कारण पक्षाघाताचं नुकसान बहुधा कायमचं असतं आणि बरेचसे रक्तस्राव उपचारांनी आटोक्यात येतात. पण ज्याला आधीच अल्सरमधून रक्तस्राव झालाय त्याच्यासाठी तराजू वेगळा. नोंद २४ तासांच्या पुढे गेली तर बहुतेक डॉक्टर गोळीकडे झुकतात. त्याहून छोट्या नोंदींत वय, बीपी, साखर, आधी पक्षाघात झालाय का, हे सगळं मोजून ठरवतात.

अल्सरचं तुम्ही दोन्ही डॉक्टरांना सांगितलंत का?

प्रतिसाद २

आईला (वय ७४, नाशिक) हेच झालं होतं. तिची नोंद पाच तासांची, साखर आणि बीपी दोन्ही, म्हणून गोळी सुरू केली. सव्वा वर्ष झालं. दात काढताना हिरडीतून जरा जास्त वेळ रक्त आलं, बाकी काही नाही. तिच्या यंत्राबरोबर उशाशी ठेवायचा डबा मिळालाय, तो रात्री नोंदी दवाखान्यात पाठवतो. तुमच्या मॉडेलला तशी सोय आहे का, ते कार्डावरचा नंबर सांगून विचारा. पुढच्या तपासणीपर्यंत वाट बघायला नको. आणि गोळी सुरू झालीच तर गुडघ्याची पेनकिलर मनाने अजिबात घेऊ नका.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, तुमचं नाडीचं वाचलं आणि पट्टी पुन्हा काढून बघितली. चार वर्षं मी त्या ब्लॉकला दोष देत होते, आणि त्या रात्री त्यानेच खालचा कप्पा शांत ठेवला. काल रात्री उठले नाही.

अल्सरचं पहिल्या डॉक्टरांना सांगितलं होतं, दुसऱ्यांना नाही. त्यांनी विचारलं नाही आणि घाबरल्यामुळे मलाही सुचलं नाही. गुरुवारची वेळ घेतली आहे. पट्टी, अल्सरची फाइल, पेसमेकरचं कार्ड आणि सगळ्या गोळ्यांची यादी एका पिशवीत भरून ठेवली आहे. पट्टी तुम्ही स्वतः बघितलीत का, पोटासाठी संरक्षक गोळी जोडून रक्त पातळ करणारी घेता येईल का, आणि उशाशी ठेवायचा डबा मिळेल का, हे तीन प्रश्न वहीत लिहून घेतलेत.

अल्सर होऊन गेल्यावर ही गोळी घेतलेलं कुणी असेल तर गुरुवारच्या आत जरूर लिहा.