रात्री साडेनऊला वीज तोडणार म्हणून बाबांना मेसेज आला. पुढचं कसं ओळखायचं?

कराडची_लेक | मंगळवार, रात्री ११.४०

बाबा ७४ वर्षांचे, आईबरोबर कराडला राहतात. मी पुण्यात. परवा संध्याकाळी सहाच्या सुमारास बाबांना मेसेज आला : मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज खंडित होईल, ताबडतोब अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली एक मोबाइल नंबर.

आता माझे बाबा असे, की बिल आलं की दुसऱ्या दिवशी भरतात आणि पावती तारेला टोचून ठेवतात. १९९१ पासूनच्या पावत्या आहेत घरात. तरी घाबरले. उलट म्हणूनच जास्त घाबरले, असं मला वाटतं. शेजारपाजाऱ्यांच्या देखत वीज तोडली तर काय, हेच त्यांच्या डोक्यात.

त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलत होता, "साहेब, तुमचं बिल भरलेलं दिसतंय, फक्त सिस्टिममध्ये अपडेट नाही. दहा रुपये भरा, लगेच होईल." त्यासाठी एक ॲप घ्यायला लावलं, त्यातला नंबर विचारून घेतला (त्याने बाबांच्या मोबाइलची स्क्रीन त्याला दिसायला लागली, हे मला नंतर कळलं). मग एटीएम कार्ड घेऊन या म्हणाला. कार्ड कपाटात, कपाटाची किल्ली आईकडे, आणि आई एकादशीच्या भजनाला देवळात. बाबा किल्ली मागायला देवळात गेले आणि तिथे आईने त्यांची उलटतपासणी घेतली. म्हणून वाचलो.

माझे प्रश्न :
ॲप काढून टाकलंय, एवढं पुरे का?
असे फोन-मेसेज ओळखायला बाबांना नेमकं काय सांगू? "सावध राहा" सांगून झालंय. त्याचा परिणाम असा, की आता ते कुणाचाच फोन उचलत नाहीत. काल गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या मुलाने कोड विचारला, तर त्यालाच फाटकातून परत पाठवला. "ओटीपी कुणालाही द्यायचा नाही असं तूच म्हणालीस ना?" यावर मी काय बोलू?

---

काउंटर_नंबर_तीन | बुधवार, सकाळी ७.१५

बँकेत आहे, कुठल्या ते जाऊ दे. आधी पहिला प्रश्न.

नुसतं ॲप काढणं पुरे नाही. जेवढा वेळ स्क्रीन उघडी होती तेवढ्यात त्याने काय काय पाहिलं, कळायला मार्ग नाही. बाबांनी आज शाखेत जाऊन कार्ड बदलून घ्यावं, मोबाइल बँकिंगचा आणि यूपीआयचा पिन बदलावा. तोही त्या फोनवरून लगेच नको. आधी फोन कुणा जाणत्याकडून तपासून घ्या, जमलं तर फॅक्टरी रीसेट (फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा करणं). त्या माणसाने व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) पाठवली होती का, तेही बघा. तो मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पैसे गेले असते तर सगळ्यात आधी १९३० ला फोन. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच नंबर आहे. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. माझ्याकडे लोक येतात दोन-दोन दिवसांनी, कारण मुलाला काय सांगायचं या लाजेपोटी गप्प बसलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजण्यात घालवलेला तास खिशातून जातो. तेव्हा बाबांवर चिडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला कळायचंच नाही.

गॅसच्या कोडचं : तो द्यावा लागतो, पण सिलिंडर दारात आल्यावर. सोपं म्हणजे कोडचा मेसेज पूर्ण वाचायचा. कोड कशासाठी आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. फोनवरचा माणूस "गॅसचा कोड सांगा" म्हणतोय आणि मेसेजमध्ये रुपये लिहिलेत, तर काय ते समजून जायचं.

---

खांबावरचा | बुधवार, दुपारी २.०५

ताई, मी ३३ वर्षं वीज खात्यात लाइनमन होतो, सातारा जिल्ह्यातच. हा मेसेज माझ्या व्याह्यांनाही आला होता. बँकवाल्यांनी सांगितलं ते बरोबरच. मी फक्त आमचं काम कसं चालतं ते सांगतो, ते बाबांना वाचून दाखवा.

रात्री साडेनऊला वीज तोडायला कोण येणार हो? फॉल्ट असला तर आम्ही मध्यरात्री भरपावसात खांबावर चढलोय. पण वसुलीसाठी तोडायची ती दिवसाच. सकाळी सेक्शन ऑफिसला थकबाकीची यादी हातात पडायची, नाव, ग्राहक नंबर, रक्कम. मार्च आला की यादी लांबायची आणि आमची जेवणं चुकायची. दारात जाऊन आधी विचारायचं, "भरताय का?" निम्मे लोक तिथेच भरायचे. नाहीच भरलं तर कटआऊट (फ्यूज) काढायचा. तोही घरच्या म्हातारीच्या शिव्या खाऊन. फोनवरून कुणी तोडत नाही आणि फोनवरून कुणी जोडतही नाही.

आणि त्याआधी नोटीस. वीज कायदा २००३, कलम ५६. तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. हल्ली ती मोबाइलवरही येते, पण तिच्यात "आज रात्री" नसतं. महावितरणचा मेसेज एमएसईडीसीएल अशा नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. आणि अमुक साहेबाच्या खासगी मोबाइलवर फोन करा, असं त्यात नसतं. आमचे साहेब लोकांचे फोन चुकवायचे, ते स्वतःचा नंबर कशाला वाटतील!

बाबांना म्हणावं, पुन्हा फोन आला तर ग्राहक नंबर विचारा, बारा आकडी. बिलावर असतो. कोणत्या सेक्शनचं ऑफिस, तेही विचारा. आणि उत्तर बरोबर आलं तरी पैसे नाहीत. फोन ठेवायचा आणि आपण होऊन महावितरणच्या १९१२ या नंबरला लावायचा. नाहीतर सकाळी ऑफिसला चक्कर मारायची, त्यांना तेवढंच फिरणं.

तारेला टोचलेल्या पावत्यांचं वाचून बरं वाटलं. अशी चार घरं प्रत्येक गावात असायची. त्यांच्या दारात आम्ही फक्त पाणी प्यायला जायचो.

---

मुपो_ठाणे | बुधवार, रात्री ९.५०

ईमेलचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या अण्णांना आयकराचा रिफंड मंजूर झाल्याची मेल आली होती. वर मोठ्ठा सिंहाचा लोगो, त्यामुळे खरी वाटली. त्यांना मी पत्ता वाचायला असा शिकवला : पाकिटावर आपण नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा असं लिहितो ना? पत्र कुठल्या जिल्ह्याचं ते शेवटच्या ओळीत कळतं. मेलचा पत्ताही तसाच, शेवटाकडून वाचायचा. आयकर खात्याचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'वर संपतो. आधी 'इन्कमटॅक्स' लिहिलंय आणि शेवटी भलतंच काही, तर नाव आपल्या गावचं नि जिल्हा दुसराच. बँकांनाही आता 'डॉट बँक डॉट इन' दिलंय.

मात्र पाठवणाऱ्याचं नाव ठळक दिसतं तो पत्ता नव्हे. नावावर बोट ठेवलं की खाली खरा पत्ता उघडतो. अण्णांना हे कळायला एक अख्खी दुपार गेली.

आणि हेल्पलाइनचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथेही खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात. पासबुकावर, बिलावर, कार्डाच्या मागे असतो तोच लावायचा.

---

कराडची_लेक | पुढचा रविवार, सायंकाळी ६.२०

सगळ्यांचे आभार. कार्ड बदललं, फोन माझ्या मावसभावाने साफ करून दिला. खांबावरचे काका, तुमचं उत्तर बाबांना फोनवर वाचून दाखवलं. कटआऊटपर्यंत आले नि ते हसायला लागले. म्हणाले, "खरंच की, मला कसं सुचलं नाही?" मग ग्राहक नंबर, १९१२ आणि १९३० खडूने मीटरच्या पेटीवर लिहिलं. आईने खडू पुसला जाईल म्हणून वर ऑइलपेंटने गिरवलंय.

शुक्रवारी पुन्हा एक फोन आला, या वेळी केवायसीचा. बाबांनी शाखा कुठली विचारलं तर तो म्हणाला हेड ऑफिस. "मग हेड ऑफिसला पत्र टाकतो," म्हणून यांनी ठेवून दिला.

गॅसवाल्याचा फोन मात्र अजून उचलत नाहीत. सिलिंडर दुसऱ्यांदा परत गेलाय.