विषय: चेक इंजिनचा दिवा येतो आणि जातो

प्रेषक: सभासद, पार्सिपनी

मंडळींना नमस्कार,

गाडीबद्दल सल्ला हवा आहे. २०१४ ची जपानी सेडान, १.८ लिटरचं इंजिन, लाखाच्या वर मैल झालेत. मध्यंतरी सर्व्हिसिंग करून आणली, तेव्हापासून चेक इंजिनचा दिवा पेटतो, दोन-चार दिवस राहतो आणि आपोआप जातो. कधी सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, कधी काहीच नाही. गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाण्यासारखी चालते. पार्ट्सच्या दुकानात फुकट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाडाचे नंबर, वाचून दिले: पी०१०२ आणि पी०११३. गॅरेजवाले म्हणतात, दोन कोड म्हणजे सेन्सर गेला, बदलावा लागेल. खर्चाचा आकडा बराच मोठा सांगितला आहे.

पुढच्या महिन्यात न्यू जर्सीचं सक्तीचं इन्स्पेक्शन, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी, आहे. त्याआधी आई-बाबा पुण्याहून येताहेत आणि त्यांना घेऊन नायगाऱ्याला जायचं ठरलंय. वाटेत गाडी बंद पडली तर त्या दोघांना घेऊन मी काय करू, याचीच जास्त काळजी आहे.

प्रेषक: सभासद, एडिसन

ताई, बॅटरीची निगेटिव्ह वायर अर्धा तास काढून ठेवा, दिवा जातो. आमच्या व्हॅनचा गेला होता. सेन्सर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, दोन स्क्रू काढले की बसतो. गॅरेजला पैसे घालू नका.

प्रेषक: सभासद, पिस्काटवे

ताई, बॅटरी आत्ता अजिबात काढू नका. एडिसनच्या भाऊंनी आपुलकीनं सांगितलंय, पण तुमच्या बाबतीत त्यानं दोन गोष्टी हातच्या जातील. एक म्हणजे फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, किती आरपीएमवर फिरत होतं, याची नोंद गाडीचा कॉम्प्युटर ठेवतो. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाचा तेवढाच साक्षीदार आपल्याकडे असतो आणि कोड पुसला की तोही पुसला जातो. दुसरी गोष्ट इन्स्पेक्शनची, तिच्याबद्दल नंतर लिहितो.

दिवा आपोआप जातो याचा अर्थ गाडी बरी झाली असा नाही. बरेचसे बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले की दिवा लागतो (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी). त्यानंतर तीन फेऱ्या नीट गेल्या की दिवा विझतो, पण कोड आत तसाच राहतो. इंजिन थंडचं गरम होण्याची सुमारे चाळीस चक्रं निर्दोष गेली की मगच तो आपणहून जातो. त्यामुळे दिवा बंद असतानाही कोड वाचता येतात आणि वाचावेत.

आता तुमचे कोड. पी०१०२ म्हणजे हवेचं वजन मोजणाऱ्या सेन्सरचा, म्हणजे मास एअरफ्लोचा, सिग्नल फार कमी येतोय. पी०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार जास्त आहे. कोड सर्किटबद्दल बोलतोय. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, तशी वायर आहे, पिना आहेत, प्लग आहे. गॅरेजनं यातला सर्वात महाग तुकडा उचलला.

तुमच्यासारख्या बऱ्याच जपानी गाड्यांत हे दोन्ही सेन्सर एकाच तुकड्यात असतात आणि पाच वायरींच्या एकाच प्लगनं जोडलेले असतात. वेगवेगळी कामं करणारी दोन सर्किटं एकदम आणि तीही मधूनमधून रुसत असतील, तर मी आधी दोघांत सामाईक काय आहे ते बघतो. सामाईक आहे तो प्लग. त्यात बिघाड सर्व्हिसिंगनंतर सुरू झालाय. एअर फिल्टर बदलला होता का? फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडताना हा प्लग हमखास ओढला जातो, काही जण तो काढूनही ठेवतात.

ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर घ्या. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचा सॉकेट आहे, १९९६ पासून इथल्या सगळ्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. फ्रीझ फ्रेम वाचून इथे लिहा. काही पुसू नका.

प्रेषक: सभासद, पार्सिपनी

काका, धन्यवाद. बिल काढून पाहिलं, एअर फिल्टर बदललेला आहे. फ्रीझ फ्रेममध्ये हे आलं: इंजिनचं पाणी ८८ अंश, वेग ताशी ४१ मैल, आणि आत येणारी हवा उणे ४०. उणे ४० कसं असेल? त्या दिवशी तर स्वेटरसुद्धा लागत नव्हता.

प्रेषक: सभासद, पिस्काटवे

ताई, हा आकडा फार बोलका आहे. तापमानाच्या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो आणि उन्हात कमी होतो. कॉम्प्युटर त्या तारेवर पाच व्होल्ट देतो आणि सेन्सर त्यातले किती खाली ओढतो यावरून तापमान ठरवतो. तार मध्येच सुटली की खाली ओढणारं कोणी उरत नाही, पूर्ण पाच व्होल्ट दिसतात आणि कॉम्प्युटरला वाटतं भयंकर थंडी आहे. तो त्याच्या तक्त्यातलं सर्वात खालचं तापमान दाखवतो, उणे ४०. सेल्सिअस लावा नाहीतर फॅरनहाइट, त्या आकड्यावर दोन्ही एकच.

म्हणजे त्या क्षणी सर्किट पूर्ण तुटलेलं होतं. सेन्सर म्हातारा होऊन चुकीचं सांगत असता तर पाच-दहा अंशांचा फरक दिसला असता. इंजिन गरम आणि गाडी वेगात होती, तेव्हा कंपनानं किंवा खड्ड्यानं प्लग हलला असणार. हिवाळ्यानंतर २८७ नंबरच्या हायवेवर खड्ड्यांची काय अवस्था असते ते तुम्हाला सांगायला नको.

आता परीक्षा. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक लावून इंजिन चालू ठेवा. स्कॅनरवर हवेचं तापमान आणि एअरफ्लो हे दोन आकडे लावून कोणालातरी आत बसवा. तुम्ही बॉनेट उघडून प्लग आणि त्याच्या मागची वायर हलके दाबा, वळवा, हलवा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून ओढणी, केस, बाही लांब. गरम असताना तुमच्या इंजिनाचा एअरफ्लो उभ्या गाडीत सेकंदाला साधारण दोन ते चार ग्रॅम असायला हवा.

प्रेषक: सभासद, पार्सिपनी

काका, सापडलं! लेक आत फोन धरून बसली आणि मी वायर हलवत होते. ती मोठ्यानं वाचत होती, "एकोणीस, एकोणीस, एकोणीस, उणे चाळीस!" त्याच वेळी इंजिन अडखळलं. वायर सोडली की परत एकोणीस.

इंजिन बंद करून नीट पाहिलं. प्लगची अडकवायची जीभ तुटलेली आहे आणि वायर फिल्टरच्या झाकणाच्या खालून गेलीय, त्यामुळे सतत ताणलेली राहते. झाकणाला वायर बसवायची एक खाच आहे, ती रिकामीच होती. सेन्सरला मी हात लावलेला नाही. आता काय करू?

प्रेषक: सभासद, एडिसन

वा ताई! मलाही हे नवीन होतं. पुढच्या वेळी बॅटरीला हात लावण्याआधी आमच्या व्हॅनची फ्रीझ फ्रेम बघणार.

प्रेषक: सभासद, पिस्काटवे

ताई, लेकीला शाबासकी सांगा.

आधी वायर तिच्या खाचेतून घ्या, ताण गेला की अर्धं दुखणं जातं. मग प्लग काढून आतल्या पिना बघा. हिरवट गंज असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा आणि वाळू द्या. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब्युरेटर क्लीनर चालणार नाही, सेन्सरची तार फार नाजूक असते. जीभ तुटलेला प्लग मात्र बदलावाच लागेल. वायरींच्या शेपट्यांसकट नुसता प्लग मिळतो, त्याला पिगटेल म्हणतात. पाचही वायरी एकेक करून, रंग जुळवून जोडायच्या आणि प्रत्येक जोडावर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. हे काम एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. तोपर्यंत केबल टायनं प्लग घट्ट धरून ठेवा, पण नायगाऱ्याचा प्रवास त्या भरवशावर नको.

काम झालं की कोड पुसा, पण इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी नाही. पुसल्यावर गाडीच्या आतल्या तपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, कोऱ्या होतात आणि त्या पूर्ण झालेल्या नसतील तर गाडी परत पाठवतात. २००१ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना एकच अपुरा मॉनिटर चालतो. पेट्रोलच्या वाफेचा मॉनिटर बहुधा सर्वात शेवटी पुरा होतो. त्याला टाकी पाव ते पाऊण भरलेली आणि गाडी रात्रभर थंड झालेली लागते. तुमच्या हातात महिना आहे आणि नायगाऱ्याच्या वाटेवर हमरस्ताही भरपूर मिळेल, त्यामुळे बाकीचे सहज होतील. इन्स्पेक्शनला निघण्याआधी स्कॅनरवर एकदा बघून घ्या.

आणि आई-बाबा सोबत आहेत म्हणून सांगतो. दिवा स्थिर पेटला तर सावकाश चालवत मुक्काम गाठता येतो. दिवा लुकलुकायला लागला तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आत पेट्रोल नीट पेटत नाही, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. तेव्हा मात्र रस्त्याच्या कडेला, शोल्डरला घेऊन इंजिन बंद करा आणि टो बोलवा.

प्लगवरचा नंबर वाचता आला तर इथे टाका. बरोबर पिगटेल कोणतं ते बघून देतो.