ओळखीचे इंग्रजी शब्द, अनोळखी अर्थ: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता
अवघड शब्द दिसला की आपण कोश उघडतो. घोळ करतात ते ओळखीचे शब्द. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत! नुसती यादी नको. शब्द कुठे भेटला आणि गुंता कसा सुटला, ते लिहा.

शिक्षिका
माझ्या वर्गातल्या मुलांना एकच 'स्प्रिंग' माहीत होती, पेनमधली. मग एका धड्यात वसंत ऋतू आला, पुढच्यात झरा. "बाई, एकाच शब्दाला इतके अर्थ कशाला?" मी फळ्यावर मधोमध 'उसळणे' लिहिलं. जमिनीतून पाणी उसळतं तो झरा, कोंब वर येतात तो ऋतू, दाबलेली तार उसळते ती स्प्रिंग. सगळे अर्थ जुन्या इंग्रजीतल्या एकाच क्रियापदाला फुटलेले. तेव्हापासून मुलं प्रत्येक शब्दाचं मूळ विचारतात, याचा मला फार आनंद आहे. 'बार्क'ला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. भुंकणं जुन्या इंग्रजीतलं, झाडाची साल नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आलेली. अशा जोड्या सरळ दोन वेगळे शब्द म्हणूनच शिकवाव्यात.

परिचारिका
आमच्याकडे 'पॉझिटिव्ह' रोजचा. अहवालात त्याचा अर्थ एवढाच, की जे शोधत होतो ते सापडलं. एका आजोबांचा क्षयाचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर त्यांच्या मुलाने हात जोडून माझे आभार मानले. त्याला बसवून खरं सांगताना जीव तुटला. आता मी तो शब्द उच्चारतच नाही. "जंतू सापडलेत, डॉक्टर औषध सुरू करतील," असंच सांगते.

अनुवादक
'सँक्शन'. कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूर, देशावर सँक्शन्स आले म्हणजे निर्बंध. अनेकवचन दिसलं की बहुधा निर्बंधच, तरी आधीचं वाक्य वाचल्याशिवाय मी लेखणी उचलत नाही.

इतिवृत्त लिहिणारा
ठराव 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटिशांकडे चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांचा यावरून लांबलचक वाद झाल्याचं चर्चिल यांनी नोंदवलं आहे. मी 'आज चर्चा' किंवा 'पुढे ढकलला' असंच लिहितो. बाई, 'क्रेन'चं काय हो? पक्षी आणि यंत्र, नातं आहे का?

शिक्षिका
आहे ना! पक्ष्याच्या लांब मानेवरूनच यंत्राला ते नाव पडलं.