इंग्रजीच्या तासाला शिक्षकांनी मुलांशी अदबीनं बोलावं का?

खडूफळा:
'सिट डाउन.' 'ओपन युअर बुक्स.' 'रीड.' 'नेक्स्ट.' ज्या मुलांना वर्गाबाहेर इंग्रजी ऐकायला मिळत नाही, त्यांच्या कानावर तासभर हेच हुकूम पडतात. पुढे हीच मुलं वरिष्ठांना 'गिव्ह मी टू डेज लीव्ह' असं लिहितात आणि उद्धट ठरतात. त्यांच्या मनात उद्धटपणा नसतो, दुसरं काही ऐकलेलंच नसतं. विनंती कशी करायची यावर एक धडा घेऊन भागत नाही. शिक्षकांनी मुलांशी रोज तसं बोलायला हवं.

रोखठोक:
मला अजिबात पटत नाही. नवशिक्यांना 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' विचारून बघा. अर्धा वर्ग 'येस' म्हणेल आणि खिडकी बंदच राहील. सूचना आखूड असली की कळते. भाषा-अभ्यासक ब्राउन आणि लेव्हिन्सन यांच्या शिष्टाचाराच्या सिद्धांतातही, काम पटकन व्हायचं असेल तिथे थेट सांगण्याला जागा आहे.

खरं नुकसान होतं ते चुका सुधारताना. मूल म्हणतं, 'ही गो होम येस्टरडे.' बाई गोड आवाजात, 'ओह, ही वेंट होम?' मूल खुशीत, 'येस, ही गो होम!' त्याला वाटतं, बाईंना गोष्ट आवडली. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी १९९७ साली फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांत हेच नोंदवलं. शिक्षक सगळ्यात जास्त वापरतात ती हीच न दुखावणारी पद्धत, आणि मुलं सगळ्यात कमी दखल घेतात तीही हिचीच.

मागचा बाक:
त्याच अभ्यासातलं पुढचंही सांगा ना. उत्तर आयतं न देता मुलाकडूनच काढून घेतलं, तर ते स्वतः दुरुस्त करतं. 'येस्टरडे, ही...' म्हणून थांबायचं, बस. चूक स्पष्ट दाखवायला खेकसावं लागत नाही.

खडूफळा:
आणि 'ओपन युअर बुक्स, प्लीज' ही सूचना अशी कितीशी लांबली?

वहीचं पान:
सगळे शिक्षकांबद्दलच बोलताय. सिंक्लेअर आणि कूल्थर्ड या भाषा-अभ्यासकांनी १९७५ मध्ये वर्गातल्या बोलण्याचा साचा मांडला: शिक्षक विचारतात, मूल उत्तर देतं, शिक्षक बरोबर-चूक ठरवतात. यात मुलाला विनंती करायची, नकार द्यायचा, मतभेद सांगायचा प्रसंगच येत नाही. फळ्यावर सरांचीच चूक दिसली तर मूल काय करणार? गप्प बसेल, नाहीतर 'सर, राँग!' म्हणून ओरडेल आणि बोलणी खाईल. 'सर, शुडन्ट दॅट बी वेंट?' असं म्हणायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. नुसतं शिक्षकांचं 'प्लीज' ऐकून ते येणार नाही.

रोखठोक:
हा मुद्दा मान्य. पण पहिल्या वर्षी नको. आधी साधं वाक्य तरी जुळू दे.

वहीचं पान:
तोवर 'सर, राँग!' तोंडात बसलेलं असतं. 'एक्सक्यूज मी, सर' म्हणायला व्याकरण लागत नाही. पहिल्याच आठवड्यात शिकवा, आणि मुलानं तसं म्हटलं की हातातलं काम थांबवून त्याचं ऐका.