घरातली कुठली जुनी वस्तू तुम्ही विकली नाहीत? – बेळगाव भागातल्यांसाठी अनुभव धागा

नमस्कार मंडळी. घर रंगवायला काढलं म्हणून मागच्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. आत आजोबांचा शाळेचा दाखला, रेडिओ लायसन्सचं पुस्तक, वडिलांचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि चिकट पानांचा एक अल्बम. तरुण मुलांना सांगायला हवं की एके काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. दर वर्षी पोस्टात पैसे भरायचे आणि त्याची तिकिटं त्या पुस्तकात चिकटायची.

कागद एकाशेजारी एक मांडले तेव्हा लक्षात आलं. दाखल्यावर मुंबई राज्य, रेडिओच्या पुस्तकातल्या पत्त्यात म्हैसूर राज्य, वडिलांच्या लायसन्सवर कर्नाटक. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेलो, १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं, आणि २०१४ मध्ये शहराचं नावही बेळगावचं बेळगावी झालं. टिळकवाडीतलं आमचं घर मात्र जागचं हललेलं नाही. मी ते तीन कागद हातात धरून बराच वेळ तसाच बसलो होतो.

म्हणून हा धागा. वस्तूची बाजारातली किंमत लिहू नका. ती चालते का, कोण दुरुस्त करतं, ती हातात घेतली की कोण आठवतं, ते लिहा.

शहापूरहून

माझ्याकडे जावा मोटारसायकल आहे, १९६७ ची. वडिलांनी घेतलेली. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या निघायला लागल्या, पुढे त्याच येझदी झाल्या आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. सुटे भाग मिळत नाहीत असं लोक म्हणतात, पण शोधणाऱ्याला मिळतात.

जावाची गंमत तिच्या दांडीत आहे. किक आणि गिअर एकच. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, मारून झाली की परत पुढे पाडायची, तोच गिअर. नवख्याला सापडत नाही. मला वडिलांनी शिकवलं तेव्हा मी नववीत होतो. माझा पाय त्यांनी हाताने धरून दांडीवर ठेवला होता. आजही किक मारताना टाचेला त्यांचा हात जाणवतो. पेट्रोलमध्ये ऑइल घालण्याचं मापही त्यांचंच, टाकीच्या झाकणालाच जोडलेलं. टू स्ट्रोकला दर वेळी ते मिसळावंच लागतं, विसरलं की इंजिन धरतं.

सिग्नलला थांबलो की कुणीतरी विचारतंच, "देणार काय गा गाडी?" पूर्वी उत्तर द्यायचो, आता नुसता हसतो.

एक कामाची माहिती. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी घेता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण मग ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मी ती घेतली नाही. दर ५ वर्षांनी साधी नोंदणी वाढवून घेतो आणि रविवारी बाजाराला जावावरच जातो. गाडी झाकून ठेवली की मरते, हे माझं ठाम मत आहे.

खानापूर तालुक्यातून

दादांची जावा वाचून लिहावंसं वाटलं. माझं फोटोचं आहे.

आजी-आजोबांचा एकच फोटो आमच्याकडे. बेळगावच्या स्टुडिओत काढलेला, मागे पडद्यावर रंगवलेला जिना आणि कुंड्या. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, वर्दीत खुर्चीवर बसलेत, आजी नऊवारीत शेजारी उभी. फोटो काळा-पांढरा, पण आजीच्या कपाळावरचं कुंकू लाल आहे. स्टुडिओतल्या माणसाने नंतर ब्रशने लावलेलं. गळ्यातल्या मण्यांवर पिवळा ठिपकाही आहे, तो आता फिका झालाय. कुंकू फिकं झालेलं नाही.

आजोबा १९७१ मध्ये गेले. त्यानंतर आजीने ३८ वर्षं कुंकू लावलं नाही. फोटोवरची धूळ मात्र रोज ती स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. लहानपणी मला वाटायचं ती आजोबांना बघते. आता वाटतं ती स्वतःलाच बघत असावी.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर भिंत ओलीच. फ्रेम कुजली म्हणून मी ती बदलायला दिली आणि तिथे नुकसान झालं. फोटो काचेला चिकटला होता. दुकानदाराने मला न विचारता ओढून काढला आणि आजीच्या पदराचा तळहाताएवढा तुकडा काचेवरच राहिला. मी दुकानात उभी राहून रडले.

नंतर एका जाणत्या फोटोग्राफरने समजावलं. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, त्यातच चित्र असतं. दमट हवेत तो फुगतो, मऊ होतो आणि काचेला धरतो. अशा वेळी ओढायचंच नाही. आधी काचेसकट त्याचा चांगला फोटो काढून घ्यायचा, मग पुढचं बघायचं. आणि नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घालायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना टेकत नाहीत. एवढी साधी गोष्ट आधी कळली असती तर पदर वाचला असता. कुंकू वाचलं, तेवढं आहे.

येळ्ळूरहून

आमच्याकडे लाकडी पायली आहे, कडेला लोखंडी पट्टी. चार शेरांची. सुगी झाली की वजनकाट्यावर पोती जातात ती व्यापाऱ्याची. घरातला बासमती, देवाचा वाटा, लेकीला द्यायचा तांदूळ अजून पायलीनेच मोजतो. आज्जा पहिल्या पायलीला "एक" म्हणत नव्हता, "लाभ" म्हणायचा. मीपण तसंच मोजतो.

वडगावहून

मी पितळेची पातेली आणि तांब्याचा बंब ठेवलाय. सुना म्हणतात, स्टीलच्या काळात कशाला? पण ज्याने पितळेच्या पातेल्यातली तुरीची आमटी खाल्ली आहे त्याला सांगावं लागत नाही. फक्त कल्हई हवी. ती उडाली आणि आत ताक किंवा चिंचेचं काही ठेवलं की कळकलंच म्हणून समजा.

पूर्वी कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी खड्डा करून भाता लावायचा. भांडं तापलं की नवसागराची पूड, पांढरा धूर, मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरकन फिरवायचं. काळंपिवळं पातेलं एका क्षणात आतून चांदीसारखं. शाळेतून येताना आम्ही पोरं तिथेच खिळून उभी राहायचो. आता वर्षातून एकदा निरोप पाठवून बोलवावं लागतं, तोही सत्तरीचा आहे आणि मुलगा ते काम करत नाही. मंडळी, तुमच्या भागात कुणी कल्हई करत असेल तर काम द्या त्याला. पातेली शोभेला मांडून हा धंदा टिकणार नाही.

चिकोडी तालुक्यातून

मळ्यातलं डिझेल इंजिन, किर्लोस्करचं. विहिरीवर मोटर बसून वीस वर्षं झाली, तरी इंजिन हलवलं नाही. थ्री फेजचा लाइटीचा वेळ आपल्या हातात नसतो. उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला की त्यालाच हँडल लावतो.

सुरू करायला दम लागतो. वरची कळ उचलून धरायची म्हणजे आतला दाब सुटतो, हँडल फिरवत चाकाला वेग आणायचा आणि नेमक्या क्षणी कळ सोडायची. मग पहिला ठोका. तो ठोका छातीत बसतो. आप्पा असेपर्यंत त्यांनी ही कळ माझ्या हातात दिली नाही, हँडल तेवढं मी मारायचो. आई घरातून आवाज ऐकायची. इंजिन बंद झालं की तवा ठेवायची, म्हणजे आप्पा हातपाय धुऊन येईपर्यंत भाकरी तयार. आता मी इंजिन बंद केलं की आई अजून उठते. तिला ऐकू कमी येतं, पण ते कळतं.

कॅम्पातून

चिकोडीच्या भावासाठी एक भर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सुरुवात केली ती आपल्या बेळगावात, सायकलच्या दुकानापासून. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. १९१० मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर गेले, तीच किर्लोस्करवाडी. शहरातल्या किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो, म्हणून सांगितलं.

माझ्याकडे वडिलांचं एचएमटी जनता घड्याळ आहे, चावीचं. सकाळी दूध आणायला जाण्याआधी चावी देते. एक दिवस चुकलं की दुसऱ्या दिवशी ते थांबलेलं असतं.

सदलग्याजवळून

ऑगस्ट २०१९. दूधगंगेचं पाणी आमच्या घरात माळ्याच्या खालच्या फळीपर्यंत होतं. आठवड्याने परत आलो. धान्य गेलं, गाद्या गेल्या, त्याचं दुःख त्या वेळी झालं नाही. कपाटातून अल्बम काढला आणि त्यातून चिखलाचं पाणी ओघळलं, तेव्हा सासूबाई मटकन खाली बसल्या.

आम्ही केलं ते सांगते. स्वच्छ पाण्याने भरलेल्या टबात फोटो एकेक सुटे केले, चोळले नाहीत, नुसते हलवले. मग शाळेच्या व्हरांड्यात चिमट्यांनी दोरीवर टांगले, उन्हात नाही, सावलीत. आश्चर्य म्हणजे सर्वांत जुने फोटो वाचले. सासूबाईंच्या लग्नाचे, काळ्या जाड पानांवर चार कोपऱ्यांत अडकवलेले, ते अलगद निघाले. माझ्या लग्नाचे रंगीत फोटो चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममध्ये होते. ते एकमेकांना धरले, रंग नारिंगी होऊन वाहून गेले. माझ्या लग्नाचा एकही पूर्ण फोटो नाही आता. सासूबाईंनी त्यांच्या फोटोंतला एक काढून माझ्या कपाटात ठेवलाय, म्हणाल्या, हा तुझा.

टिळकवाडीचे दादा, तुमच्या ट्रंकेत चिकट पानांचा अल्बम आहे असं लिहिलंत. तो आहे तसा ठेवू नका. पुराची गरज नसते, ती पानं आपोआप फोटो पिवळे करतात.

टिळकवाडीहून (धागाकर्ता)

ताई, तुमचं वाचून काल रात्रीच अल्बम उघडला. नखाने जमेना, म्हणून शिवणाचा दोरा फोटोच्या मागून आडवा ओढत सोडवतोय. अकरा निघाले. पाचव्या पानावर आजोबा रेडिओशेजारी उभे आहेत, हात रेडिओवर ठेवून, आणि त्या फोटोचा वरचा कोपरा सुटत नाही. तिथे थांबलो आहे. खानापूरच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे उद्या उजेडात पानासकट त्याचा फोटो काढून घेतो, मगच दोरा लावतो.