विद्युत क्षेत्रामुळे प्लाझ्मातील भार-विनिमय बदलतो का?

धरमपेठकर:
मी नागपूर येथे एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून प्रकल्पासाठी आर्गॉनच्या ग्लो डिस्चार्ज नळीवर (विरळ वायूतून वीज सोडून प्लाझ्मा, म्हणजे आयनीभूत वायू, तयार करणारी नळी) काम करत आहे. दाब सुमारे 30 पास्कल आहे, कॅथोड फॉल (कॅथोडजवळ होणारी व्होल्टेजची घट) 400 व्होल्टच्या आसपास आहे आणि कॅथोडलगतचा काळोखा पट्टा साधारण 1 सेंटीमीटर रुंद दिसतो. म्हणजे तेथे सरासरी 40,000 व्होल्ट प्रति मीटर इतके क्षेत्र असणार. आर्गॉन आयन आणि आर्गॉन अणू यांच्यातील भार-विनिमयाचा (अणूचा इलेक्ट्रॉन आयनाकडे जाण्याचा) क्रॉस सेक्शन, म्हणजे तो घडण्याच्या शक्यतेचे क्षेत्रफळातले माप, पुस्तकात 5×10⁻¹⁹ चौरस मीटरच्या घरात दिला आहे. पण तो हिशेब बाहेरचे क्षेत्र नसताना होणाऱ्या टकरीचा आहे. एवढ्या क्षेत्रात अणूचा इलेक्ट्रॉन-ढग ओढला जाऊन इलेक्ट्रॉन शेजारच्या आयनाकडे अधिक सहज जाईल, असे मला वाटते. आमच्या सरांना ते पटत नाही. नेमके काय खरे?

सेमिनरी हिल्सवरून:
तुमच्या सरांचेच म्हणणे बरोबर आहे, आणि ते आकड्यांतून लगेच दिसते. इलेक्ट्रॉन या अणूवरून त्या आयनावर उडी घेतो तेव्हा दोघांमधले अंतर साधारण 5 अँगस्ट्रॉम असते. तेवढ्या अंतरावर आयनाचे स्वतःचे क्षेत्र सुमारे 5.8×10⁹ व्होल्ट प्रति मीटर भरते, म्हणजे तुमच्या नळीतील क्षेत्राच्या लाखपटीहून जास्त. इलेक्ट्रॉन-ढग ओढायचे काम समोरचा आयन आधीच करत असतो. बाहेरच्या क्षेत्राला त्यात करण्यासारखे काही उरत नाही.

एक शंका मात्र रास्त ठरेल. आर्गॉन आयन व आर्गॉन अणू यांच्यातील विनिमय अनुनादी आहे, कारण इलेक्ट्रॉन इकडे असो वा तिकडे, ऊर्जा तीच राहते. मग क्षेत्राने ही बरोबरी मोडत नाही का? मोडते, पण 5 अँगस्ट्रॉमवर पडणारा फरक जेमतेम 0.00002 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. एवढा फरक जाणवायला 10⁻¹¹ सेकंदांच्या वर वेळ लागतो आणि 10 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आयनाची टक्कर 10⁻¹³ सेकंदांच्या आसपास संपूनही जाते. तेव्हा पुस्तकातला क्रॉस सेक्शन खुशाल वापरा.

क्षेत्राचा खरा प्रभाव दोन टकरींच्या मधल्या प्रवासात आहे. तुमच्या दाबाला मीन फ्री पाथ (दोन टकरींमधले सरासरी अंतर) सुमारे 0.28 मिलिमीटर येतो, म्हणजे 1 सेंटीमीटरच्या पट्ट्यात आयनाच्या वाट्याला पस्तीसेक विनिमय येतात. प्रत्येक वेळी वेगवान आयन उदासीन होऊन त्याच वेगाने पुढे निघून जातो आणि मागे जवळजवळ स्थिर असा नवा आयन उरतो, ज्याला क्षेत्र पुन्हा शून्यापासून पळवू लागते. परिणामी कॅथोडवर पोहोचणाऱ्या बहुतेक आयनांची ऊर्जा 400 नव्हे, तर दहा-वीस इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पूर्ण ऊर्जेचा आयन विरळाच. डेव्हिस आणि व्हँडरस्लाइस या संशोधकांनी 1963 मध्ये कॅथोडवरील आयनांच्या ऊर्जेचे मोजमाप याच विचाराने मांडले होते. क्षेत्र जोरदार असेल तर आयनांचा प्रवाहवेग क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हेही याच कारणाने.

टोकामॅकप्रेमी:
वरचे उत्तर तळ-अवस्थेतल्या (सर्वांत कमी ऊर्जेच्या) अणूंपुरते पूर्ण आहे. उत्तेजित अणूंच्या बाबतीत चित्र पालटते. आयटर या अणुसंलयन प्रकल्पासाठी भारताकडे असलेला डायग्नॉस्टिक न्यूट्रल बीम (प्लाझ्माच्या तपासणीसाठी सोडायचा उदासीन अणूंचा झोत) घ्या: 100 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे हायड्रोजन अणू 5.3 टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र आडवे ओलांडतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीने 2.3×10⁷ व्होल्ट प्रति मीटर इतके विद्युत क्षेत्र उभे राहते. तळ-अवस्थेतल्या अणूला त्याची फिकीर नाही, परंतु n = 7 (n म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा-पातळीचा क्रमांक) च्या आसपासच्या आणि त्यावरच्या पातळ्यांतला इलेक्ट्रॉन समोर कोणी आयन येण्यापूर्वीच निसटतो आणि असा अणू विनिमयाच्या हिशेबातून बाद होतो.

विनिमयानंतरही क्षेत्र हात मारते. पूर्ण आयनीभूत कार्बन हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा तो बहुतांशी n = 4 च्या आसपास बसतो; ज्या 529 नॅनोमीटरच्या वर्णपट-रेषेवरून आयनांचे तापमान काढतात ती मात्र n = 8 मधून 7 मध्ये उतरताना निघते. त्या उंच पातळीतल्या निरनिराळ्या कोनीय संवेगाच्या अवस्था ऊर्जेने इतक्या जवळ असतात की प्लाझ्मातले लहानसे क्षेत्रही त्यांची सरमिसळ करते. पकडलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या तीच राहते, पण त्यांपैकी किती जण या रेषेचा प्रकाश देतील ते बदलते. कार्बनचे प्रमाण काढताना ही सरमिसळ गृहीत धरावीच लागते.

धरमपेठकर:
मनःपूर्वक आभार. कॅथोडला बारीक छिद्र पाडून मागे जाळीचा रिटार्डिंग अॅनालायझर (जाळीवरच्या व्होल्टेजने आयन अडवून त्यांची ऊर्जा मोजणारे उपकरण) बसवण्याचा विचार आहे. त्यातून हे सगळे दिसेल का?

सेमिनरी हिल्सवरून:
आयनांचे दिसेल, मात्र छिद्रामागची जागा वेगळ्या पंपाने नीट निर्वात ठेवा, नाहीतर तेथेही विनिमय होऊन ऊर्जेचा आलेख खाली सरकेल. वेगवान उदासीन अणू तुमच्या जाळीला दाद देणार नाहीत, कारण त्यांना अडवायला भारच नाही. पट्ट्यात एका आयनामागे असे कित्येक अणू तयार होतात. म्हणून कॅथोडचे तापणे किंवा त्याची झीज केवळ आयन-प्रवाहावरून मोजाल, तर उत्तर कमीच येईल.