मदत हवी आहे: उभ्या गाडीत पेट्रोलचा वास, दोन गॅरेज झाली तरी सापडेना

नमस्कार मंडळी, गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा डोकं लावा प्लीज. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 71 हजार किमी झालेत, सीएनजी किट नाही. पुण्यात सोसायटीच्या बेसमेंटला उभी असते, आठवडाभर जागेवरच, शनिवारी साताऱ्याला आईकडे चक्कर आणि परत येताना टाकी फुल. गेले दोन महिने सकाळी दार उघडलं की भपकन पेट्रोलचा वास येतो, काचा खाली करून निघालं की सिग्नलपर्यंत जातो आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मुलगी मागे बसली की तिला मळमळतं. बायको म्हणते पुढे एवढा नाही, मागेच जास्त आहे (मला बारमाही सर्दी, माझ्या नाकावर जाऊ नका).

खाली डाग नाही, अ‍ॅव्हरेज तेवढंच, चेक इंजिनचा दिवा नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने टाकीचं झाकण बदललं, चार दिवस बरं वाटलं. दुसऱ्याने बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या दाखवल्या, पाइप कुरतडला असणार म्हणाला, पण कुरतडलेला पाइप काही दाखवता आला नाही त्याला, शेवटी तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या ठेवून साडेसहाशे घेतले. आता पेट्रोल अधिक डांबरगोळी असा मिक्स वास येतोय. काय करू?

प्रतिसाद:
आधी ती गाडी बेसमेंटमधून काढा हो, बाकी नंतर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खालीच साचून राहते, आणि बेसमेंटला हवा खेळत नाही. चारही दारं उघडून अर्धा तास हवा लागू द्या, खाली वाकून थेंब बघा, थेंब दिसला तर सेल्फ मारूच नका, टोइंगवाला बोलवा. नसेल तर वर उघड्यावर लावा. आणि वॉचमनला सांगा तिथे बिडी ओढू नको.

प्रतिसाद:
सगळं ई-20 मुळे, म्हणजे ते 20 टक्के इथॅनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाड्यांची रबरं खातंय ते. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांना तसं रबर दिलंय, आपल्या जुन्यांना कोण विचारतो.

प्रतिसाद:
ई-20 ला नंतर शिव्या घालू, इथॅनॉलने काही जुनी रबरं फुगतात हे खरं आहे, पण म्हणून वास कुठून येतोय ते कळत नाही ना. धागाकर्ते, तीन गोष्टी सांगा. टाकी अर्धी असताना पण वास येतो का? पंपावर नोझल पहिल्यांदा कट झाल्यावर "राउंड फिगर करू का" म्हटलं की हो म्हणता का? आणि वर्षभरात टाकीचं किंवा फ्युएल पंपाचं काही काम केलंय का?

विचारण्याचं कारण, पुढून गळत असेल, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची रिंग किंवा बॉनेटमधला पाइप, तर वास जास्त करून बॉनेटजवळ येतो, गाडी बंद केल्या केल्या जास्त. राउंड फिगरच्या नादात गळ्यापर्यंत भरलं की पेट्रोल चारकोल कॅनिस्टरमध्ये शिरतं, तो कोळशाचा डबा फक्त टाकीतली वाफ शोषण्यासाठी असतो, एकदा ओला झाला की गाडीच्या बाहेर वास मारत बसतो. तुमच्याकडे केबिनमध्ये, तोही मागे. बऱ्याच हॅचबॅकला फ्युएल पंप टाकीतच, मागच्या सीटखाली असतो. सीटचा बसायचा भाग उचला, कार्पेट सारा, पत्र्याचं एक झाकण दिसेल, तिथे बायकोला वास घ्यायला सांगा. उघडू नका, फक्त वास.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार, गाडी वर आणली, चेअरमनच्या जागेत लावलीय त्यामुळे वेगळाच वास सुटलाय सोसायटीत. असो. अर्ध्या टाकीवर दोन रात्री ठेवली, वास जवळपास नाही! राउंड फिगर दर वेळी करतो, चूक माझी. आणि हो, गेल्या दिवाळीत गाडी रस्त्यात बंद पडली होती तेव्हा पंप बदललाय, हे मी लिहायलाच विसरलो. सीट उचलली तर बायको दोन पावलं मागेच सरकली.

प्रतिसाद:
अहो मग हेच पहिल्या ओळीत लिहायचं ना! पंप बसवताना वरची सीलची रिंग नवी टाकायची असते. जुनी एकदा काढली की फुगते, परत नीट बसत नाही, मग ओढूनताणून बसवतात, कुठेतरी चिमटा बसतो. अर्ध्या टाकीत पेट्रोल तिथवर पोचत नाही, फुल असली की वळणावर हिंदकळून थेट सीलवर येतं. उंदीर बिचारा निर्दोष. घरी करू नका. मेकॅनिकसमोर उभे राहा आणि बघा तो आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो का, त्याने लाइनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि मग पंपाला हात. टाकी पाव असताना न्या. पंप जागेवर धरणारी लॉक रिंग छिन्नी-हातोडीने ठोकायला लागला तर गाडी परत आणा, एक ठिणगी पुरे होते.

धागाकर्ता:
अपडेट. काम झालं. झाकण काढल्यावर पंपाभोवतीची धूळ एका बाजूला ओली, काळी पडलेली, बाकी कोरडी, अगदी अर्धचंद्र. रिंग बाहेर आली ती एका जागी चपटी आणि चिरलेली, जुनीच परत बसवली होती म्हणजे. नवीन रिंग 380, मजुरी 700, वर मेकॅनिकने पंपाच्या पाइपची क्लिपही बघून दिली. त्याने सांगितलं कार्पेटखालच्या फेल्टमध्ये वास मुरलाय, लगेच जाणार नाही, म्हणून सीट काढून दोन दिवस उन्हात टाकली.

मग पहिल्या कटवर थांबून टाकी फुल केली (पंपावरचा पोरगा "सर 14 रुपये वरचे, राउंड करू?" म्हणत होता, नको म्हणायला जीवावर आलं) आणि उघड्यावर दोन रात्री ठेवली. आज सकाळी बायकोला उठवून आधी तिलाच दार उघडायला लावलं. म्हणाली, पेट्रोल नाही, डांबरगोळ्या आहेत.

त्या बॉनेटमध्ये नक्की कुठे कुठे टाकल्यात ते आता शोधतोय, तीन सापडल्या.